ताबा कुणाकडं, मालकी कुणाची? बेळगाव सीमाभागात वस्तूंचे व्यवहार करताना

काही वर्षांपूर्वी मी माझी जुनी स्कूटर चंदगड तालुक्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विकली. पैसे रोख घेतले, किल्ली आणि आरसी हातात दिली, वहीच्या पानावर दोघांनी सह्या केल्या, चहा झाला आणि ते गाडी घेऊन गेले. नावावर करून घ्यायचं त्यांच्याकडून राहिलं, आणि मीही पाठपुरावा केला नाही. दीड वर्षानं घरी कोर्टाची नोटीस आली. त्या गाडीनं कुणाला तरी धडक दिली होती आणि भरपाईच्या दाव्यात सामनेवाला नंबर एक मी होतो. वकिलांना वहीचं पान दाखवलं. ते म्हणाले, "गाडी तुम्ही विकलीत हे खरं, पण आरटीओच्या दप्तरात मालक अजून तुम्हीच आहात."

वस्तू एकाच्या हातात, पैसे दुसऱ्याच्या खिशात आणि नाव तिसऱ्याच कागदावर, अशी गत आपल्या भागात फार होते. कारण आपले व्यवहार ओळखीवर चालतात आणि शिवाय राज्याची हद्द ओलांडतात. निपाणीचा माणूस कागलात बैल घेतो, खानापूरची मुलगी कोल्हापुरात नांदायला जाते, मिरजेची गाडी कागवाडात फिरते. नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्तानं बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, अथणी या बाजूला नव्यानं आलेल्यांसाठी हे लिहितोय. इथंच वाढलेल्या, पण पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं व्यवहार करणाऱ्या पोरापोरींनाही ते उपयोगी पडेल. जमीन आणि घर यांचा विषय इथं नाही. उचलून नेता येईल अशा मालमत्तेचाच विचार करू.

पहिली पायरी: वस्तू जंगम आहे ना, हे ठरवा

मालमत्तेचे आपल्याला ठाऊक असलेले दोन प्रकार म्हणजे स्थावर आणि जंगम. इथल्या सरकारी कागदावर ते 'स्थिरास्ति' आणि 'चरास्ति' असे कन्नडमध्ये लिहिलेले दिसतील. सोनंनाणं, गाडी, मोबाईल, जनावरं, फर्निचर, धान्य, शेअर हे सगळं जंगम. जमीन, घर आणि जमिनीला कायमचं जोडलेलं ते स्थावर.

शेतकऱ्याला इथं एक गोष्ट ठाऊक हवी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे उभं पीक, गवत आणि तोडीचं लाकूड स्थावर मालमत्तेत मोडत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० तर उभ्या पिकाला सरळ 'माल' म्हणतो. म्हणजे फडातला उभा ऊस किंवा शेतातली तंबाखू विकताना जमीन विकल्यासारखी दस्तनोंदणी करावी लागत नाही. मात्र लेखी करार नसेल तर वजन कुणी करायचं, तोड कुणी करायची, पाऊस आला तर नुकसान कुणाचं, यावरून भांडण ठरलेलंच.

दुसरी पायरी: प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा

मालक कोण? ताबा कुणाकडं? आणि तो ताबा कशाच्या जोरावर? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. दुरुस्तीला दिलेली गाडी मेकॅनिकच्या ताब्यात असते, गहाण ठेवलेला हार सावकाराच्या किंवा बँकेच्या, भाड्यानं घेतलेला मिक्सर आचाऱ्याच्या. तिघांचाही ताबा कायदेशीर आहे, पण मालकी एकाचीही नाही.

"माझ्या हातात हाय म्हणजे माझीच की ओ!" असं बाजारात नेहमी ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, आणि ते कुठवर हे समजून घ्या. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११३ (जुन्या पुरावा कायद्याचं ११०) सांगतं की एखादी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही असं कुणी म्हणत असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर. म्हणजे वस्तू तुमच्या हातातून गेली की पुराव्याचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं. म्हणून वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना काय दिलं, कशासाठी दिलं आणि केव्हा परत घ्यायचं, एवढं चार ओळींत लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही चालतो, नसण्यापेक्षा लाखपट बरा. समोरचा माणूस नात्यातला असेल तर लिहिणं अवघड वाटतं, हे मला मान्य आहे. पण कोर्टाच्या आवारात मी पाहिलेली बहुतेक भांडणं नात्यातलीच होती.

तिसरी पायरी: विकत घेताना मालकी कोणत्या क्षणी आली?

लोकांना वाटतं, पैसे दिले की वस्तू आपली. कायदा वेगळं पाहतो. ठरावीक, समोर असलेली आणि न्यायला तयार असलेली वस्तू विकण्याचं दोघांनी पक्कं केलं की मालकी त्याच वेळी जाते, पैसे किंवा ताबा नंतर दिला तरी. अर्थात दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर. आणि मालकी गेली की साधारणपणे जोखीमही तिच्याबरोबर जाते. सौदा झालेली आणि उद्या न्यायला येतो म्हणून सोडलेली म्हैस रात्री वीज पडून दगावली, तर नुकसान घेणाऱ्याचं ठरू शकतं.

गुळाचं उदाहरण वेगळं आहे. चाळीस ढेपा ठरल्या, दर क्विंटलला ठरला, वजन विकणाऱ्यानं करून द्यायचं होतं. किंमत ठरवण्यासाठी विकणाऱ्यानं वजन करायचं असेल, तर ते होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी जात नाही. त्याआधी ढेपा भिजल्या तर तोटा विकणाऱ्याचा. म्हणून वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

शहापूर, वडगाव, खासबाग भागातून साड्या घरी 'पसंतीला' आणायची पद्धत जुनी आहे. तीन आणल्या, एक ठेवायची, दोन परत. अशा वेळी तुम्ही पसंती कळवत नाही तोवर साड्या दुकानदाराच्याच. पण ठरलेली मुदत उलटली, किंवा मुदत ठरली नव्हती आणि वाजवी वेळ निघून गेला, तरी तुम्ही परत केल्या नाहीत, तर त्या तुम्ही घेतल्या असं कायदा धरतो. नापसंत साड्या कपाटात पडून राहू देऊ नका.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला नियम. ज्याच्याकडं मालकी नाही तो दुसऱ्याला मालकी देऊ शकत नाही. चोरीचा मोबाईल तुम्ही पूर्ण किंमत मोजून, चांगल्या मनानं घेतला, तरी तो मूळ मालकाचाच राहतो. तुमच्या हातात उरतो तो विकणाऱ्याकडून पैसे वसूल करायचा हक्क, कारण प्रत्येक विक्रीत 'विकण्याचा हक्क मला आहे' ही अट न लिहिताही गृहीत धरलेली असते. आणि वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असून, किंवा तसं समजायला पुरेसं कारण असून घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बिल नाही, खोका नाही आणि किंमत निम्म्याहून कमी, हे 'पुरेसं कारण' आहे.

या नियमाला काही अपवाद आहेत, त्यातले दोन रोजच्या व्यवहारात आडवे येतात. पहिला असा. म्हैस घेतली, पैसे दिले आणि आठ दिवस विकणाऱ्याच्याच गोठ्यात ठेवली. त्यानं ती दुसऱ्या, काही ठाऊक नसलेल्या गिऱ्हाईकाला विकून टाकली आणि त्याच्या हवाली केली. तो दुसरा माणूस मालक होतो! तुम्ही फक्त विकणाऱ्याच्या मागं लागायचं. म्हणून विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याकडं राहू देऊ नका. दुसरा असा. कुणी तुम्हाला फसवून वस्तू विकत नेली, आणि तुम्ही व्यवहार रद्द करण्याआधीच ती एखाद्या प्रामाणिक तिसऱ्याला विकली, तर त्या तिसऱ्याचा हक्क टिकतो. फसवणूक कळताच त्याच दिवशी, लेखी, व्यवहार रद्द केल्याचं कळवा आणि तक्रार द्या. इथं दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

घेताना मी स्वतः काय पाहतो ते सांगतो. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक (त्या दागिन्याची हॉलमार्कची ओळख) लागतो. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकून पाहता येतो आणि बिलावर तो लिहून घेता येतो. मोबाईलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो. तो बिलाशी जुळवा आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असेल तर तो क्रमांक पावतीत आलाच पाहिजे. शिवाय कर्नाटकात २०२० च्या गोवंश कायद्यामुळं जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. कोगनोळी किंवा कागवाडच्या बाजूनं जनावर आणताना खरेदीची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला जवळ नसेल, तर रस्त्यातच अडकाल.

चौथी पायरी: गाडी, आणि त्यातही हद्दीपलीकडची

केए-२२ म्हणजे बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. पलीकडं एमएच-०९ कोल्हापूर आणि एमएच-१० सांगली. आपल्या रस्त्यांवर हे सगळे क्रमांक एकत्र नांदतात, पण कागदाला हद्द कळते.

गाडीच्या बाबतीत दोन मालक्या वेगवेगळ्या चालतात हे नीट समजून घ्या. विकणारा आणि घेणारा यांच्यात विक्री कायद्यानं मालकी गेलेली असू शकते. पण मोटार वाहन कायदा, १९८८ साठी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हेच ठाम केलं. गाडी हातोहात चार जणांकडं गेली असली, तरी अपघातग्रस्ताला भरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. माझ्या स्कूटरच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं.

विकणारा आणि घेणारा एकाच राज्यातले असतील, तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत फॉर्म ३० द्यायचा. दुसऱ्या राज्यात गाडी जात असेल तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी घ्यावी लागते, आणि विकणाऱ्याला त्यासाठी पंचेचाळीस दिवस मिळतात. घेणाऱ्यावर सोडू नका, फॉर्म २९ ची पोच स्वतःच्या फायलीत ठेवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल (आपण 'एचपी चढलंय' म्हणतो) तर फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय ती नावावर होत नाही. कर्ज फिटलं की फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्या. हप्ते संपूनही बोजा तसाच असलेल्या कितीतरी गाड्या आपल्याकडं आहेत आणि विकायच्या दिवशी धावपळ होते.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलात आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवणार असाल, तर इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तिकडं आयुष्यभराचा कर भरला असेल तर उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. त्याचा अर्ज तिकडच्या आरटीओत.

विम्याचंही पाहा. मालकी बदलली की तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या मालकाकडं गेल्याचं धरलं जातं, पण पॉलिसीवर नाव बदलायला घेणाऱ्यानं चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. ते केलं नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

हप्ते थकले तर? कर्ज देणाऱ्याला करारानुसार गाडी परत घ्यायचा हक्क असू शकतो, पण चार धटिंगण पाठवून रस्त्यात अडवून नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००७ सालीच अशा वसुलीवर कडक ताशेरे ओढले. सूक्ष्म कर्जवाल्यांनी बायकांच्या दारात उभं राहून भांडी, टीव्ही उचलून नेण्याचे प्रकार वाढले, म्हणून कर्नाटकानं २०२५ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आणला. असं कुणी दारात आलं तर ११२ ला फोन करा.

पाचवी पायरी: दुसऱ्याची वस्तू तुमच्याकडं, तुमची दुसऱ्याकडं

विशिष्ट कामासाठी वस्तू ताब्यात देणं आणि काम झालं की परत घेणं, याला कायद्यात 'निक्षेप' म्हणतात. १८७२ च्या करार कायद्यात त्याचे नियम आहेत. घेणाऱ्यानं ती वस्तू, सर्वसाधारण समंजस माणूस स्वतःची वस्तू जपेल तशी जपायची. ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरली तर झालेलं नुकसान त्याचं. मुदत संपली की न मागता परत करायची.

आपल्याकडं गाई-म्हशी वाट्यानं पाळायला देतात. करार कायद्यातच यावर एक उदाहरण आहे: गाय सांभाळायला दिली, ती व्याली, तर वासरूही मूळ मालकाला द्यावं लागतं. वेगळं ठरलं नसेल तर, ही अट तिथं आहे. म्हणून 'पहिलं वासरू माझं, दुसरं तुझं' असं काही ठरलं असेल तर ते लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं वासरू मोठं झालं की किंमत वाढते आणि आठवण बदलते.

दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर कारागिराला त्याच कामाच्या पैशासाठी ताबा अडवून ठेवायचा हक्क आहे. पण गेल्या वर्षीच्या दुसऱ्या कामाची उधारी वसूल करायला आजची गाडी अडवता येत नाही. आणि तुम्ही रात्री दुसऱ्या किल्लीनं गाडी काढून नेली तर? लोक म्हणतात, 'स्वतःच्या वस्तूची चोरी कशी होईल?' होते. न्याय संहितेत चोरीच्या कलमाखाली नेमकी हीच उदाहरणं दिलेली आहेत: दुरुस्तीच्या पैशापोटी अडवलेलं घड्याळ, किंवा गहाण टाकलेलं घड्याळ, पैसे न देता गुपचूप काढून नेणारा मालकही चोर ठरतो. चोरी ताब्याविरुद्ध होते, मालकीविरुद्ध नव्हे. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तर बरेच घोटाळे टळतील.

सोनं गहाण ठेवताना सावकाराचा परवाना पाहा, वजन, शुद्धता, व्याज आणि मुदत असलेली पावती घ्या. बँक असो वा सावकार, पैसे थकले तरी विकण्याआधी वाजवी नोटीस द्यावीच लागते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून सोडवून घ्यायचा हक्क तुमचा. पत्ता बदलला असेल तर कळवा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि हार लिलावात.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, व्हीटीयू (तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा केएलई (शिक्षणसंस्था) यांच्यामुळं इथं आलेल्यांसाठी, एक गोष्ट. भाडं थकलं म्हणून घरमालकाला तुमचा लॅपटॉप, गादी, पुस्तकं स्वतःहून जप्त करून विकता येत नाहीत. वसुलीचा मार्ग कोर्टातून जातो. पण भाडं थकवण्याची सवय लावून घेऊ नका आणि डिपॉझिटची पावती पहिल्या दिवशीच घ्या.

गल्लीतल्या मंडळाची भांडी, सतरंज्या, साऊंड सिस्टीम कुणाच्या? मंडळ नोंदलेलं नसेल तर कायद्याच्या नजरेत 'मंडळ' नावाचा मालकच नसतो. वर्गणी देणाऱ्यांची ती सामाईक मालमत्ता ठरते आणि पदाधिकारी बदलले की कुलूप कुणाकडं यावरून वाद पेटतो. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली नोंद करा, वस्तूंची वही ठेवा, दर वर्षी जुन्याकडून नव्याकडं सहीनिशी ताबा द्या.

सहावी पायरी: घरातले दागिने

यावर लिहिताना हात जड होतो. मुलगी नांदायला आली की तिचे दागिने 'जपून ठेवायला' सासूबाईंच्या कपाटात जातात. जपायला दिले म्हणजे दिले नव्हेत. लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मैत्रिणींनी तिला दिलेलं ते स्त्रीधन, आणि त्याची मालक ती एकटी. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं की ताबा नवऱ्याकडं किंवा सासरी असला तरी तो विश्वस्ताचा ताबा आहे आणि परत न देणं हा फौजदारी विश्वासघात आहे. २०२४ साली पुन्हा सांगितलं की नवऱ्याचा त्यावर अधिकार नाही. अडचणीत त्यानं वापरलं तर परत देण्याची जबाबदारी त्याची. मुस्लिम घरात मेहर आणि बाईचे स्वतःचे दागिनेही तिचेच. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक लेकीनं, आणि तिच्या आईबाबांनी, लग्नाच्या आठवड्यातच दागिन्यांची यादी, वजन, बिलं, अंगावर घातलेले फोटो एकत्र करून एक प्रत माहेरी ठेवावी. हा अविश्वास नव्हे, ही तिची मालमत्ता आहे.

जंगम वस्तूची भेट दोन मार्गांनीच पूर्ण होते, नोंदणीकृत दस्तानं किंवा प्रत्यक्ष हातात देऊन. "माझ्या पाटल्या तुला हं," असं आजी म्हणाली आणि पाटल्या कपाटातच राहिल्या, तर भेट झाली नाही. द्यायच्या असतील तर हयातीत हातात द्या.

आणखी एक समज फार पक्का आहे: 'आईचे दागिने लेकीचे.' हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ तसं म्हणत नाही. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मालमत्तेचे पहिले वारस मुलगे, मुली आणि नवरा, सगळे समान वाट्यानं. आईला वेगळं हवं असेल तर तिनं मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालतं.

बँकेच्या खात्यावरचा किंवा शेअरवरचा नॉमिनी हा मालक नसतो. तो रक्कम किंवा शेअर ताब्यात घेणारा, वारसांपर्यंत पोचवणारा. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये शेअरबाबत हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या स्वतःच्या हक्काची होते. मयताची गाडी असेल तर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवावं.

सातवी पायरी: काही सापडलं तर

बसस्टँडवर पाकीट सापडलं. उचलायची सक्ती नाही. पण उचललं की तुमची जबाबदारी निक्षेपात वस्तू सांभाळायला घेणाऱ्यासारखी होते. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न करायचा, तोवर जपायचं. मालक कोण हे ठाऊक असून, किंवा शोधायचे मार्ग असून वस्तू स्वतःची केली तर तो गुन्हा, शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. जपायला आणि मालक शोधायला केलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. नासणारी वस्तू असेल, किंवा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल आणि मालक मिळत नसेल, तर विकायची मुभा आहे. सोपा मार्ग म्हणजे पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. शेत नांगरताना हंडा, नाणी, मूर्ती निघाली तर जागचं हलवू नका. तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

आठवी पायरी: गेलं तर मिळवायचं कसं

तक्रार लिहिताना कन्नडमधले दोन शब्द ओळखायला शिका. 'कळेदुहोगिदे' म्हणजे हरवलं आहे, 'कळवागिदे' म्हणजे चोरीला गेलं आहे. ऐकायला सारखे, परिणामानं दूर. चोरी झालेली असताना 'हरवलं' म्हणून नोंद झाली तर एफआयआर होत नाही आणि विम्याचा दावा अडतो. आणखी काही शब्द कामाला येतील: 'दूरु' म्हणजे तक्रार, 'स्वाधीन' म्हणजे ताबा, 'मालीकरु' मालक, 'महजर' पंचनामा. 'गिरवी' आणि 'रशीदी' तुम्हाला आपोआप कळतील.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येते, घटना कागलात घडली आणि तुम्ही निपाणीत असलात तरी. ऑनलाईन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवणं बंधनकारक आहे. कन्नड येत नसेल तर अर्थ समजल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत फुकट मिळते ती घेतल्याशिवाय उठू नका. मोबाईल गेला असेल तर तक्रारीनंतर संचार साथीवर आयएमईआय बंद करा.

पोलिसांना वस्तू सापडली तरी ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडते. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. याच संहितेच्या कलम ४९७ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अंतरिम ताब्यासाठी अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगून ठेवलंय की फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन वस्तू लवकर परत द्याव्यात, ठाण्याच्या अंगणात गाड्या गंजू देऊ नयेत.

दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची, पण मोजायची कुठून ते वेगळं. चोरीची किंवा हरवलेली वस्तू कुणाकडं आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून. ठेवायला किंवा गहाण दिलेल्या वस्तूसाठी, तुम्ही मागितली आणि समोरच्यानं नाकारली त्या दिवसापासून. म्हणून मागणी लेखी, स्पीड पोस्टनं करा. तारीख पावतीवर उमटते.

मराठीत अर्ज दिला तर चालेल का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं दूर करण्यासाठी कुठल्याही अधिकाऱ्याकडं, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. मराठीत जरूर द्या. पण कोर्टाचं कामकाज इथं कन्नड आणि इंग्रजीत चालतं, म्हणून खाली कन्नड भाषांतर जोडलंत तर तुमचंच काम लवकर होईल. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना बिल, फोटो, पत्राची पोस्टाची पावती आणि एफआयआरची प्रत न्या, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स काढा, आणि पोच मारून घ्यायला अर्जाची एक जास्तीची प्रत वेगळी ठेवा.